पासष्टचा व्यास, छप्पनचा कर्ण

दहावीच्या 'गणित भाग २' या पुस्तकात तिसरं प्रकरण वर्तुळाचं आहे आणि सहावं त्रिकोणमितीचं. तिसऱ्या प्रकरणात चक्रीय चौकोन येतो, म्हणजे ज्याचे चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर आहेत असा चौकोन. सहाव्यात साइन, कोसाइन आणि टॅन येतात. दोन्ही प्रकरणं परीक्षेला असतात, दोन्हींवर गुण असतात, पण ती एकमेकांना कधी भेटत नाहीत. पुढे अकरावीत दोन कोनांच्या बेरजेचं सूत्र समोर येतं:

साइन (य + र) = साइन य × कोसाइन र + कोसाइन य × साइन र

हिवरखेडहून अकोटला नाहीतर अकोल्याला शिकवणीसाठी जाणारी आमची पोरं हे सूत्र 'साइन कॉस, कॉस साइन' असा ठेका धरून पाठ करतात. पाठांतराला माझा विरोध नाही. पाढे पाठ असावेत तशी सूत्रंही असावीत. पण हे सूत्र आधी डोळ्यांनी पाहता येतं, आणि ते पाहायला दहावीचं तेच पुस्तक पुरतं. वर्तुळात एक चौकोन काढायचा, त्याचा एक कर्ण व्यासावर ठेवायचा. दुसऱ्या कर्णाची लांबी म्हणजेच हे सूत्र.

आधी जीवा आणि साइन यांचं नातं पाहू. वर्तुळावर ब आणि ड हे दोन बिंदू घेऊन त्यांना जोडणारी जीवा काढा. मोठ्या कंसावर तिसरा बिंदू घ्या आणि तिथून ब व ड यांच्याकडे रेघा ओढा. तिथे होणारा कोन हा आंतरलिखित कोन. तिसरा बिंदू त्या कंसावर कुठेही सरकवा, कोन तेवढाच राहतो. हे तिसऱ्या प्रकरणातलं प्रमेय आहे. आता तो बिंदू सरकवत अशा जागी न्या, की त्याच्यापासून ब कडे जाणारी रेघ वर्तुळकेंद्रातून जाईल. ती रेघ व्यास झाली. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, त्यामुळे ड पाशी काटकोन झाला. काटकोन त्रिकोणात साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण. इथे समोरची बाजू आपली जीवा आणि कर्ण हा व्यास. म्हणून जीवा म्हणजे व्यास गुणिले त्या कोनाचा साइन. व्यास १ घेतला तर जीवा हाच साइन. वर्तुळातली प्रत्येक जीवा म्हणजे कुठल्यातरी कोनाचा साइन, हे एकदा मनात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

दुसरी गोष्ट चौकोनाची. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमी नावाचा ज्योतिषी होऊन गेला. त्याच्या 'अल्माजेस्ट' या ग्रंथात चक्रीय चौकोनाचं एक प्रमेय आहे: समोरासमोरच्या बाजूंचे गुणाकार करून बेरीज केली, तर ती दोन्ही कर्णांच्या गुणाकाराइतकी येते. चौकोन अबकड असेल तर

अक × बड = अब × कड + बक × अड

याची सिद्धता लहान आहे, आणि एका रेघेत सगळं उलगडावं अशी सुंदर आहे. कर्ण अक वर म हा बिंदू असा घ्या, की कोन अबम हा कोन डबक इतकाच होईल. कोन बअक आणि कोन बडक हे एकाच कंसात आंतरलिखित आहेत, म्हणून समान. तेव्हा त्रिकोण अबम आणि त्रिकोण डबक समरूप झाले, आणि बाजूंच्या प्रमाणातून अब × कड = अम × बड मिळालं. आता दुसरी जोडी. अबम आणि डबक या दोन समान कोनांमध्ये मधला कोन मबड सारखाच मिळवला, तर कोन अबड आणि कोन मबक समान होतात. कोन अडब आणि कोन अकब पुन्हा एकाच कंसातले, म्हणून तेही समान. त्यामुळे त्रिकोण अबड आणि मबक समरूप, आणि त्यातून बक × अड = मक × बड. दोन्हींची बेरीज करा. उजवीकडे अम आणि मक मिळून पूर्ण अक होतो, आणि प्रमेय सिद्ध होतं. यात समरूपता वापरली, ती त्याच पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात आहे. बाकी सगळं तिसऱ्यातलं. सोळा वर्षांच्या मुलाला न समजेल असं यात काहीच नाही.

आता या दोन गोष्टी एकत्र आणू. व्यास १ असलेल्या वर्तुळात अक हा व्यास घ्या. त्याच्या एका अंगाला ब, दुसऱ्या अंगाला ड. अ पाशी व्यासाच्या एका बाजूचा कोन बअक म्हणजे य, दुसऱ्या बाजूचा कोन डअक म्हणजे र. ब आणि ड या दोन्ही ठिकाणी काटकोन आहेत, कारण दोन्ही अर्धवर्तुळांत आहेत. म्हणून बक म्हणजे साइन य, अब म्हणजे कोसाइन य, कड म्हणजे साइन र आणि अड म्हणजे कोसाइन र. उरला कर्ण बड. ही जीवा अ मधून पाहिली तर कोन दिसतो य आणि र मिळून, म्हणून तिची लांबी साइन (य + र). प्रमेयात हे भरलं की डावीकडे १ × साइन (य + र) आणि उजवीकडे कोसाइन य × साइन र अधिक साइन य × कोसाइन र. अकरावीचं सूत्र असं चौकोनातून सरळ बाहेर येतं. सूत्रात दोन गुणाकार का आहेत, त्यांची बेरीजच का होते, एका पदात एकाचा साइन तर दुसऱ्याचा कोसाइन का, याचं उत्तर चित्रात आहे: समोरासमोरच्या बाजूंच्या जोड्या दोन, आणि प्रत्येक जोडीत एक बाजू व्यासाच्या या अंगाची, दुसरी त्या अंगाची.

हे वहीत काढण्यापेक्षा मैदानावर काढावं असं माझं मत आहे. उन्हाळ्याआधी, म्हणजे काळ्या मातीला भेगा पडायच्या आत, शाळेच्या मैदानावर एक खुंटी ठोकायची आणि सव्वातीन मीटरच्या तारेने फक्कीचं वर्तुळ आखायचं. सुतळी नको, ती ताणली की लांबते. बांधकामावरची बायंडिंग तार बरी. व्यास साडेसहा मीटर झाला. व्यासाची टोकं अ आणि क. अ पासून ६ मीटरचं माप घेऊन एका अंगाला ब ची खूण करायची, दुसऱ्या अंगाला ५.२ मीटरवर ड ची. मग टेप लावून पाहायचं. बक बरोबर २.५ भरतं, कड ३.९. ही मापं आपण घातली नव्हती, वर्तुळानं दिली. त्यानंतर खरी गंमत: ब पासून ड पर्यंत टेप ओढायच्या आधी मुलांनी मातीत काडीने हिशेब करायचा. सहा गुणिले ३.९ म्हणजे २३.४. अडीच गुणिले ५.२ म्हणजे १३. बेरीज ३६.४, भागिले ६.५, उत्तर ५.६. आणि मग टेप धरलेला पोरगा ओरडतो, "सर, पाच साठच भरून राह्यलं!" खुंटी थोडी कलली असेल तर एखाद-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होतं, त्याची काळजी करू नये. त्या क्षणी त्या पोराच्या दृष्टीनं साइनचं सूत्र जमिनीवर आहे आणि त्याच्या हातातल्या टेपने मोजता येतं.

२५, ६०, ३९, ५२ आणि ५६ हे आकडे मी शोधलेले नाहीत. ते भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त आहेत.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. लीलावती हा त्याचाच पहिला भाग. त्यांच्या जन्मगावाबद्दल वाद आहेत, पण त्यांच्या घराण्याचा दगडावरचा पुरावा खानदेशात आहे. चाळीसगावजवळच्या पाटणे गावी भवानीच्या देवळात १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता, आणि आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने तिथे मठ काढला, असं त्या लेखात कोरलेलं आहे. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो लेख जगापुढे आणला. गणिताचं एक पुस्तक शिकवण्यासाठी गावाचं उत्पन्न लावून दिलेला मठ आपल्या मुलखात आठशे वर्षांपूर्वी होता, ही गोष्ट आपल्या शाळांच्या भिंतींवर लिहिलेली मला कुठे दिसत नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

लीलावतीतला तो चौकोन असा: मुख म्हणजे वरची बाजू २५, भूमी म्हणजे तिच्यासमोरची खालची बाजू ६०, दोन भुजा ३९ आणि ५२. कर्ण काढायचे आहेत. भास्कराचार्यांची रीत अशी. ३-४-५ आणि ५-१२-१३ हे दोन काटकोन त्रिकोण घ्या. एकाच्या बाजूंना दुसऱ्याच्या कर्णाने गुणा: ३ आणि ४ ला १३ ने गुणलं की ३९ आणि ५२, ५ आणि १२ ला ५ ने गुणलं की २५ आणि ६०. चौकोनाच्या चार बाजू तयार. कर्णांसाठी तिरके गुणाकार करा, ३ × १२ आणि ४ × ५, बेरीज ५६. सरळ गुणाकार करा, ४ × १२ आणि ३ × ५, बेरीज ६३. झाले दोन्ही कर्ण. त्यांच्याआधी पाचशे वर्षं ब्रह्मगुप्ताने कर्ण काढायची लांबलचक रीत दिली होती. इतकी सोपी वाट असताना ती कशाला, असं भास्कराचार्य विचारतात.

यात त्रिकोणमिती कुठे आहे ते पाहा. ५-१२-१३ मधल्या कोनाचा साइन ५/१३, कोसाइन १२/१३. ३-४-५ मधल्याचा साइन ३/५, कोसाइन ४/५. बेरजेच्या सूत्रात घातलं तर साइन येतो २० अधिक ३६ भागिले ६५, म्हणजे ५६/६५. वजाबाकीच्या कोसाइनमध्ये घातलं तर ४८ अधिक १५ भागिले ६५, म्हणजे ६३/६५. लीलावतीतले दोन कर्ण हे या दोन सूत्रांचे अंश आहेत, आणि छेदातला ६५ आहे वर्तुळाचा व्यास. आणि हा ६५ लीलावतीतही आहे. मुख आणि भुजा यांची अदलाबदल करून चौकोन मांडला तर एक कर्ण दोन त्रिकोणांच्या कर्णांच्या गुणाकाराइतका, म्हणजे ६५ होतो, असं भास्कराचार्य सांगतात. मैदानावर आखतो तो चौकोन नेमका हाच. व्यासाच्या एका अंगाच्या दोन बाजू आपापसांत बदला, म्हणजे ३.९ च्या जागी ५.२ आणि ५.२ च्या जागी ३.९ ठेवा, की बड ५.६ ऐवजी ६.३ मीटर भरतं.

एका जागी मात्र भास्कराचार्य अडले, आणि ती जागा मला फार शिकवणारी वाटते. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली चौकोनाच्या क्षेत्रफळाचं सूत्र दिलं: परिमितीचं अर्ध घ्यायचं, त्यातून एकेक बाजू वजा करायची, चार उत्तरांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचं. भास्कराचार्यांनी त्याला उदाहरण लावून पाहिलं. भूमी १४, मुख ९, भुजा १३ आणि १२, लंब १२. सूत्राने १९८०० चं वर्गमूळ येतं, म्हणजे १४० आणि थोडं वर. खरं क्षेत्रफळ मात्र १३८. त्यांनी निष्कर्ष काढला की रीत ढोबळ आहे. चार बाजू तेवढ्याच ठेवून चौकोन दाबता येतो, कर्ण बदलतात, क्षेत्रफळ बदलतं. तेव्हा कर्ण किंवा लंब न सांगता नेमकं क्षेत्रफळ विचारणाराच चुकतो, असं त्यांनी कडक शब्दांत लिहिलं.

त्यांचा आक्षेप बरोबर होता. चार काड्यांच्या चौकोनाला एकच क्षेत्रफळ नसतं. पण ब्रह्मगुप्ताचं सूत्र वर्तुळात बसणाऱ्या चौकोनासाठी अगदी नेमकं आहे, आणि १४, ९, १३, १२ चा तो चौकोन वर्तुळात बसत नाही; त्याच्या १२ च्या बाजूला दोन्ही टोकांना काटकोन आहेत, उरलेले दोन कोन काटकोन नाहीत, तेव्हा समोरासमोरच्या कोनांची बेरीज १८० होत नाही. त्याच चार काड्या हलवून कोपरे वर्तुळावर आणले तर क्षेत्रफळ १४० आणि थोडं वरच येतं, आणि त्या काड्यांनी याहून मोठं क्षेत्र घेरताच येत नाही. सगळा फरक 'चारही कोपरे एका वर्तुळावर' या अटीचा. भास्कराचार्यांच्याच २५, ६०, ३९, ५२ च्या चौकोनाला ते सूत्र लावून पाहा. अर्धी परिमिती ८८. वजाबाक्या ६३, २८, ४९ आणि ३६. पहिल्या दोघांचा गुणाकार १७६४, दुसऱ्या दोघांचाही १७६४. क्षेत्रफळ १७६४. त्याचे कर्ण ५६ आणि ६३ एकमेकांना काटकोनात छेदतात, म्हणून त्यांच्या गुणाकाराचं अर्ध घेतलं तरी १७६४. पुढे १३५६ मध्ये नारायण पंडिताने 'गणितकौमुदी'त तिसरी वाट सांगितली: बाजूंची अदलाबदल करून मिळणारा तिसरा कर्णही घ्या, तिन्हींचा गुणाकार करा, व्यासाच्या दुपटीने भागा. ५६ × ६३ × ६५ भागिले १३०. पुन्हा १७६४.

आता बेरजेच्या सूत्राकडे परत येऊ. सिद्धान्तशिरोमणीच्या 'ज्योत्पत्ति' या भागात भास्कराचार्यांनी ते सूत्र शब्दांत दिलं आहे (ज्या म्हणजे त्रिज्येने गुणलेला साइन, कोटिज्या म्हणजे तसाच कोसाइन): दोन कंसांच्या ज्या एकमेकांच्या कोटिज्यांनी गुणायच्या, त्रिज्येने भागायचं, बेरीज केली तर कंसांच्या बेरजेची ज्या, वजाबाकी केली तर फरकाची. नियम आहे, सिद्धता नाही. ती टीकाकारांच्या वाट्याला आली. केरळात ज्येष्ठदेवाच्या 'युक्तिभाषा' या मल्याळम् ग्रंथात, सोळाव्या शतकात, चक्रीय चौकोनाचं विवेचन सिद्धतांसह आहे. उत्तरेत हे काम काशीला झालं, आणि तिथे आपल्या मुलखाचा संबंध येतो. विदर्भात पयोष्णीच्या काठी दधिग्राम म्हणून गाव होतं. पयोष्णी म्हणजे आपली पूर्णा, असं वऱ्हाडात मानतात. त्या गावचं एक ज्योतिषी घराणं काशीला जाऊन राहिलं. त्यातल्या कृष्ण दैवज्ञाने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर टीका लिहिली, त्याचा भाऊ रंगनाथ याने सूर्यसिद्धान्तावर. रंगनाथाचा मुलगा मुनीश्वर, जन्म १६०३. त्याने सिद्धान्तशिरोमणीवर 'मरीचि' ही टीका लिहिली आणि तिच्यात ज्यांच्या बेरीज-वजाबाकीच्या नियमांची उपपत्ती मांडली. त्याच काशीत, गोदाकाठच्या गोलग्रामहून आलेल्या घराण्यातल्या कमलाकराने १६५८ च्या 'सिद्धान्ततत्त्वविवेक' या ग्रंथात आपली उपपत्ती दिली. टॉलेमीचा ग्रंथ जगन्नाथ सम्राटाने जयपूरच्या सवाई जयसिंगासाठी संस्कृतात आणला तो १७३२ च्या सुमाराला. तोवर ही मंडळी आपल्या वाटेने पोचलेली होती. सातपुड्याखालच्या आमच्या नाल्यांचं पाणी ज्या पूर्णेला मिळतं, त्या पूर्णेकाठच्या घराण्याने साइनचं सूत्र सिद्ध केलं, हे हिवरखेडच्या मुलाला माहीत असायला हवं.

चौकोन थोडा हलवला की आणखी सूत्रं मिळतात. व्यास कर्णावर न ठेवता बाजूवर ठेवा, म्हणजे दोन्ही उरलेले शिरोबिंदू व्यासाच्या एकाच अंगाला येतील. मग वजाबाकीचं सूत्र मिळतं. टॉलेमीने आपल्या जीवांच्या कोष्टकासाठी हीच मांडणी वापरली. मैदानावर करायचं तर साडेसहा मीटरच्या व्यासावर एकाच अंगाला, एका टोकापासून ३.९ आणि ६ मीटरवर खुणा करा. दोन खुणांमधलं अंतर ३.३ मीटर येईल. चौकोन आयत असेल तर दोन्ही कर्ण व्यास होतात, समोरासमोरच्या बाजू समान, आणि प्रमेयातून साइन वर्ग अधिक कोसाइन वर्ग बरोबर १ हे दहावीचं पहिलंच सूत्र निघतं. त्रिकोण समभुज घेऊन चौथा बिंदू एका कंसावर ठेवला, तर त्या बिंदूपासून जवळच्या दोन शिरोबिंदूंची अंतरं मिळून दूरच्याचं अंतर होतं; साइनच्या भाषेत, साइन (६० + य) म्हणजे साइन य अधिक साइन (६० − य).

कोन य आणि र दोन्ही काटकोनाहून लहान असतील तोवरच हे चित्र चालतं. त्यापुढच्या कोनांसाठी चिन्हांचा विचार करावा लागतो आणि अकरावीची निर्देशकांची सिद्धता तिथे उपयोगी पडते.

शेवटचा चौकोन पंचकोनातला. वर्तुळात सुसम पंचकोन काढा आणि त्याचे कोणतेही चार शिरोबिंदू घ्या. तीन बाजू पंचकोनाच्या, चौथी बाजू आणि दोन्ही कर्ण हे पंचकोनाचे कर्ण. पंचकोनाची बाजू १ आणि कर्ण त धरला, तर प्रमेयानुसार त × त = त + १, म्हणजे त सुमारे १.६१८. हेच साइन ७२ आणि साइन ३६ यांचं गुणोत्तर, आणि कोसाइन ३६ ची दुप्पट. ३६ अंशांचा साइन भास्कराचार्यांना नेमका माहीत होता. लीलावतीत वर्तुळातल्या पंचकोनाची बाजू काढायला त्यांनी व्यासाला ७०५३४ ने गुणून १२०००० ने भागायला सांगितलं आहे. तो भागाकार करा, ०.५८७७८३ येईल, मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये साइन ३६ दाबा, ०.५८७७८५ येईल.